विजार लांबली, पाऊल तेच

मार्च २०१६मध्ये राजस्थानातील नागौर येथे झालेल्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेत गणवेशातील खाकी अर्ध्या विजारीला निरोप देण्यात आला आणि तपकिरी पूर्ण विजार आली. एवढ्याशा वार्तेवर दूरचित्रवाणीवर चर्चांचा फड रंगला. सेवाकार्यांसाठी ज्यांना अर्धा मिनिट सापडत नाही, त्यांनी विजारीसाठी अर्धा अर्धा तास दिला!

घरोघरी गंमत निराळीच होती. जुनी विजार घडी घालून पेटीत ठेवताना एखाद्या आजोबांचा हात क्षणभर थबकला. महाविद्यालयात जाणारा नातू मात्र हरखला. शाखा टाळणाऱ्या मित्रांची एक सबब संपली होती.

आजोबांची हुरहुर खोटी नव्हे. परंतु खाकी टोपी १९३०मध्ये काळी झाली, खाकी सदरा १९४०मध्ये पांढरा झाला. मराठी-हिंदी प्रार्थनेची जागा संस्कृत प्रार्थनेने घेतली, तेव्हाही कुणाचे तरी मन हळवे झालेच असेल. आज तीच प्रार्थना सर्वांच्या ओठी आहे.

त्या विजयादशमीच्या संचलनात आजोबा आणि नातू, दोघेही नव्या विजारीत निघाले. घोषाच्या तालावर पाऊल मात्र जुनेच पडत होते. जे बदलण्याजोगे, ते हसत बदलावे. जे जपण्याजोगे, ते मग निश्चिंत मनाने जपता येते.