ट्रकचे ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते?

१/ गडाच्या तटबंदीला सिमेंटचा गिलावा झाला की आपण खवळतो. हेमाडपंती देवळाच्या शिल्पांवर ऑइल पेंट फासला की छायाचित्रे काढून तक्रारी करतो, आणि ते योग्यच आहे. मग पन्नास-साठ वर्षांचा मालट्रक खरवडून, झळझळीत रंग चढवून ‘अगदी कारखान्यातून निघाला तसा’ म्हणून उभा केला जातो, तेव्हा टाळ्या वाजवणारेही आपणच कसे असतो? आजचा धागा या विसंगतीवर आहे. जुने ट्रक जपणाऱ्या मित्रांना तो बोचेल. त्यांच्याविषयी आस्था आहे म्हणूनच लिहितो आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि येथे त्यांच्या मोटारी व ट्रक व्हायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने स्पष्ट केले, की नुसती जोडणी यापुढे चालणार नाही. भाग येथेच घडवण्याचा कार्यक्रम नसेल तर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही गेले. मैदानात उरले ते कुर्ल्यात डॉज आणि फार्गो बनवणारे प्रीमियर ऑटोमोबाइल्स, बेडफर्डवाले हिंदुस्थान मोटर्स, मद्रासजवळ एन्नोरला लेलँडशी करार केलेले अशोक मोटर्स (पुढे अशोक लेलँड) आणि जमशेदपूरची टेल्को.

३/ टेल्को १९४५ची. सुरुवातीला तिथे रेल्वेची वाफेची इंजिने होत. १९५४ साली डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक रस्त्यावर आला. १९६९ साली करार संपला, रेडिएटरवरचा तीन टोकांचा तारा उतरला आणि त्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. जुनी गाडी या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, हे ओळखण्याची ही पहिली खूण. म्हणूनच ‘शोभा येते’ एवढ्यासाठी सत्तरीनंतरच्या गाडीवर तारा ठोकणे ही माझ्या लेखी ताम्रपटावर नवी ओळ कोरण्याइतकीच गंभीर बाब आहे.

४/ जाता जाता एक गंमत. लेलँडची घडण ब्रिटिश, त्यामुळे तिचे नटबोल्ट इंची मापाचे. टाटाची घडण जर्मन, तिचे मिलिमीटरचे. देशाने दशमान मापांचा कायदा १९५६ साली केला. परंतु महामार्गावरच्या मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे दोन संच पुढे कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदले. औद्योगिक इतिहास शिकवायला याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही. ती पेटीसुद्धा जपण्याची वस्तू आहे, पण तिच्याकडे कोण पाहतो?

५/ आता मूळ मुद्दा. त्या काळचा बहुतांश भारतीय ट्रक कारखान्यातून ‘पूर्ण’ निघतच नसे. निघायचा तो सांगाडा: चेसिस, इंजिन, चाके, पुढचे बोनेट आणि स्टिअरिंग. ना केबिन, ना हौदा. चालक त्यावर कामचलाऊ बैठक मांडत, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडके गुंडाळून, ऊनपाऊस अंगावर घेत तो सांगाडा शेकडो मैल हाकत नेत. केबिन आणि हौदा नंतर गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांत चढे. सुताराने लाकडी चौकट उभारायची, पत्रेवाल्याने पत्रा ठोकायचा आणि पेंटरने फाळक्यावर कमळ, मोर अथवा मालकाच्या मुलाचे नाव काढायचे.

६/ तेव्हा ‘कारखान्यातून निघाला तसा’ ट्रक उभा करायचा, तर प्रामाणिकपणे तुम्हाला फक्त सांगाडा उभा करावा लागेल! जी केबिन तुम्ही ‘मूळची नाही’ म्हणून तोडता, ती कोणातरी सुताराची आणि लोहाराची एकुलती एक सही असते. तिच्याऐवजी जर्मन माहितीपत्रकातले चित्र पाहून पत्र्याची नवी केबिन घडवली, की जो ट्रक भारतात कधी धावलाच नाही असा ट्रक तयार होतो. याला जीर्णोद्धार कसे म्हणावे? हे तर कल्पनाचित्र झाले.

७/ मोटारींच्या स्पर्धांतून आपण ही कसोटी उसनी घेतली. एखाद्या संस्थानिकाची आलिशान गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असे. तिला ही कसोटी कदाचित लागू पडेल. ट्रकचे आयुष्य दुरुस्तीतच गेलेले असते, आणि त्याचा इतिहासही त्या दुरुस्तीतच साठलेला असतो.

८/ उदाहरण म्हणून मागचे पाटे घ्या. कारखान्याने दिले त्याहून अधिक पाटे जुन्या गाडीत हमखास सापडतात. चेसिसच्या चॅनेलला आतून दुसरी पट्टी मारलेली असते. का? कारण परवान्यात लिहिलेला भार आणि हौद्यात चढलेला भार यांचा मेळ नसे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाला अतिभाराविरुद्ध कठोर आदेश द्यावा लागला, इतका हा रिवाज मुरलेला होता. मालकाचा नफा, चालकाची जोखीम, उखडलेले रस्ते, नाक्यावरची चिरीमिरी हे सारे त्या दोन जादा पाट्यांत दाबून बसलेले आहे. ‘मूळ संख्या’ करण्यासाठी ते पाटे काढून भंगारात घातले, की पुरावा नष्ट झाला.

९/ इंजिनाचेही तसेच. सुरुवातीच्या टाटा-मर्सिडीजचे सहा सिलिंडरचे, सुमारे साडेचार लिटरचे इंजिन पूर्वज्वलन कक्षाच्या पद्धतीचे होते. सुरू करण्याआधी हीटर तापवावा लागे. पुढे थेट इंधन फवारणीची इंजिने आली आणि अनेकांनी जुन्या गाडीत नवे इंजिन बसवले. लायनर किती वेळा बदलले, क्रँक किती वेळा घासून लहान केला, हे उघडलेल्या इंजिनावरून जाणकार मिस्त्री वाचू शकतो. मोडी वाचणाऱ्याला आपण मान देतो. हे वाचणाऱ्या माणसाला मात्र ‘गॅरेजवाला’ म्हणून मोकळे होतो, आणि त्याच्याबरोबर त्याची विद्या जाते.

१०/ आक्षेप येईल: मग काय गंजू द्यायचे? मुळीच नाही. ट्रक चालता राहिला पाहिजे, कारण उभ्या गाडीचे सील वाळतात, टाकीत गाळ धरतो आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत कोणतीही तडजोड नको. दहा टनांची जुनी वस्तू उतारावर कोणाचे इतिहासप्रेम विचारत नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, ते हवेने फुंकून साफ करू नका. सुरक्षेसाठी भाग बदला, जरूर बदला. पण काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवा आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येऊ द्या. देवळाच्या दगडाबाबत आपण हीच मागणी करतो ना?

११/ आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची तरतूद आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरता रस्त्यावर वावर. तरतूद चांगलीच आहे. पण ती कोणासाठी? दुचाकी आणि खासगी, बिगरव्यावसायिक वापराच्या चारचाकी मोटारींसाठी. मालवाहू वर्ग त्या व्याख्येत नाहीच.

१२/ अटही पाहा: चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे जी गाडी कमी राबली, ती वारसा ठरणार. जिने १९७२च्या दुष्काळात खेडोपाडी धान्य पोहोचवले, जिने नाशिकचा कांदा आणि नगरचा ऊस वाहिला, ती मात्र राबली म्हणूनच अपात्र! महाराजांची मोटार इतिहासात, हमालाने भरलेला ट्रक भंगारात. ही वर्गवारी कोणी हेतुपुरस्सर केली असे मी म्हणत नाही. नियम लिहिताना ट्रक कोणाच्या मनातही आला नसावा, आणि मला तेच अधिक झोंबते.

१३/ दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची वाहने तेवढी वगळली. धूर आणि अपघात कमी व्हावेत हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. रोज माल वाहणारी जर्जर गाडी रस्त्यावर नकोच. पण नगरपालिकांच्या आवारातले जुने बंब, टँकर आणि ट्रक गॅस कटरखाली जाण्याआधी त्यातला निदान एखादा नमुना बाजूला काढावा, एवढी तरतूदही कोणाला सुचू नये?

१४/ ब्रिटनमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांसाठी १९५८ सालीच स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची फेरी निघते. तिथे दूधवाल्याची, कोळसेवाल्याची, बिअरची पिंपे वाहणारी गाडीही मानाने धावते. श्रीमंतीपेक्षा आस्थेचा हा प्रश्न आहे. आपल्याकडे कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात तासन्तास हिंडून एखादा डायनॅमो शोधून आणणारे वेडे काही कमी नाहीत. त्यांना कायद्यात जागा नाही, इतकेच.

१५/ जतन न केल्याने काय होते पाहा. ‘हॉर्न ओके प्लीज’. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवरून ही अक्षरे हटवण्याचा आदेश काढला. ती आली कुठून? कोणी म्हणतो युद्धकाळात केरोसीनवर चालणाऱ्या ट्रकवरची सूचना, कोणी म्हणतो टाटांच्या ‘ओके’ साबणाची जाहिरात. दोन्ही कथा दरवर्षी नव्याने फिरतात. तारखेसह रंगवलेले जुने फाळके आपण शेकड्यांनी राखले असते, तर हा वाद एका दुपारी मिटला असता. आपण ते जळणात घातले.

१६/ म्हणून ट्रकप्रेमी मित्रांना विनंती. रंग खरवडण्याआधी प्रत्येक थर उजेडात धरून टिपा. खाली आधीच्या मालकाचे नाव, जुना परवाना, एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा पत्ता निघतो. पाटे मोजा. बॉडी बांधणाऱ्याची पट्टी केबिनच्या दारात किंवा हौद्याच्या कडेला असते, तिचे छायाचित्र घ्या. ज्या मिस्त्रीने ती गाडी तीस वर्षे चालती ठेवली, त्याला गाठून तासभर बोलते करा. आणि व्हिंटेजच्या व्याख्येत मालवाहू वर्ग यावा, ‘मोठा फेरबदल’ या अटीतून स्थानिक बांधणीची बॉडी आणि त्या काळातच बदललेले इंजिन वगळावे, असे निवेदन परिवहन मंत्रालयाला पाठवा. मसुदा मी लिहून ठेवला आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी तिचे चेसिसचे वर्ष आणि बॉडी कोणत्या गावी बांधली तेवढे खाली नोंदवा. ती यादी निवेदनाला जोडायची आहे.