विश्लेषण : ब्रिटनमध्ये कंपनीच्या गाडीला खासगी पार्किंगची नोटीस; पैसे भरायचे की अपील करायचे?

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या अनेक मराठी कर्मचाऱ्यांकडे कंपनीने लीजवर घेतलेली गाडी असते. सुपरमार्केटच्या आवारात ठरल्या वेळेपेक्षा काही मिनिटे जास्त झाली, की १०० पौंडांपर्यंतची नोटीस निघते. ती मात्र चालकाच्या घरी येत नाही. आधी लीज कंपनीकडे, मग एचआरकडे आणि शेवटी कर्मचाऱ्याकडे, असा तिचा प्रवास असतो. अनेकदा तोवर कोणीतरी पैसे भरून टाकलेले असतात आणि रक्कम पगारातून वळती होते.

हा सरकारी दंड आहे का?

नाही. महाराष्ट्रातील ई-चलान वाहतूक पोलिसांकडून कायद्यानुसार येते. ब्रिटनमधील नगर परिषदेची ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ही तशीच. खासगी जागेवर मिळते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. इंग्रजी आद्याक्षरे दोन्हींची सारखीच, ‘पीसीएन’. त्यामुळे गोंधळ होतो. दुसरी नोटीस म्हणजे फलकावरील अटी मोडल्याबद्दल खासगी कंपनीने केलेली मागणी आहे. ती वसूल करण्यासाठी शेवटी दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

म्हणून ती फाडून टाकावी का? तेही नाही. चेम्सफर्डमधील दोन तास मोफत पार्किंगच्या जागेत ५६ मिनिटे जास्त थांबलेल्या चालकाकडून मागितलेले ८५ पौंड ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये वैध ठरवले. ‘रक्कम फार जास्त आहे’ एवढाच मुद्दा त्यानंतर सहसा टिकत नाही.

कंपनीच्या गाडीत पैसे कोणाकडे मागता येतात?

मूळ जबाबदारी चालकाची. चालक माहीत नसेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्ट २०१२’ या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार गाडीच्या कीपरकडे मागणी करता येते. पार्किंग कंपन्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडून प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड देऊन कीपरचा पत्ता मिळवतात. मात्र कीपरला जबाबदार धरायचे तर नियम पाळावे लागतात. केवळ कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रकरणात नोटीस १४ दिवसांत कीपरकडे पोहोचली पाहिजे.

लीजच्या गाडीसाठी आणखी एक तरतूद आहे. लीज कंपनीने नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत गाडी भाड्याने दिल्याचे निवेदन, करारनामा आणि भाडेकरूने जबाबदारी मान्य केल्याचे सहीचे पत्र यांच्या प्रती पार्किंग कंपनीला दिल्या, तर तिची जबाबदारी संपते. पुढे पार्किंग कंपनीला २१ दिवसांत भाडेकरूला, म्हणजे बहुतेक वेळा नोकरी देणाऱ्या कंपनीला, नवी नोटीस द्यावी लागते. तिच्यासोबत वरील कागदपत्रे आणि मूळ नोटीस यांच्या प्रती हव्यात. त्या नसतील तर या कायद्याच्या आधारे भाडेकरूकडून वसुली करता येत नाही. अपिलात हा मुद्दा पहिला तपासावा.

अपील कसे करायचे?

• पैसे भरू नयेत. रक्कम भरली की वाद मिटला असे धरले जाते. १४ दिवसांत भरल्यास ४० टक्के सवलत मिळते, म्हणून घाई होते.
• पहिले अपील पार्किंग कंपनीकडे, साधारणपणे २८ दिवसांत. कंपनीच्या नावाने नोटीस असेल तर अपील कंपनीने करावे किंवा कर्मचाऱ्याला लेखी अधिकार द्यावा.
• खासगी नोटिशीवर चालकाचे नाव सांगण्याची कायदेशीर सक्ती नाही. ‘मी गाडी उभी केली’ असे लिहिले, की कीपर आणि भाडेकरूविषयीचे मुद्दे निकालात निघतात.
• फलकाचे फोटो, पेमेंटची पावती, गाडी बंद पडल्याचा पुरावा जोडावा. एकाच दिवशीच्या दोन फेऱ्या कॅमेऱ्याने एकच धरल्या असतील, तर मधल्या वेळेचा पुरावा द्यावा.
• अपील फेटाळले तर पार्किंग कंपनी ज्या संघटनेची सदस्य आहे त्यानुसार ‘पॉप्ला’ किंवा ‘आयएएस’कडे जाता येते. पॉप्लाची मुदत २८ दिवस, सेवा मोफत आणि निकाल पार्किंग कंपनीवर बंधनकारक, चालकावर नाही.
• न्यायालयाची कागदपत्रे आली तर दुर्लक्ष करू नये. एकतर्फी निकाल लागून रक्कम महिन्याभरात भरली नाही, तर तो सहा वर्षे क्रेडिट नोंदीत राहतो.

पगारातून कापता येते का?

‘एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्ट १९९६’नुसार कायद्याने किंवा नोकरीच्या करारात तशी तरतूद असेल, किंवा कर्मचाऱ्याने आधी लेखी संमती दिली असेल, तरच कपात करता येते. त्यामुळे गाडीच्या चाव्या घेताना सही कशावर करतोय, हे वाचणे महत्त्वाचे.

बदल कुठे हवा?

कायद्याने लीज कंपनीला बाजूला होण्याची वाट दिली आहे. तरी पैसे भरून वर प्रशासकीय शुल्क लावणे तिला सोपे जाते. यात बाजू न मांडताच खिशाला कात्री लागते ती कर्मचाऱ्याच्या. नव्या देशात, व्हिसा नोकरीशी बांधलेला असताना, ६० पौंडांसाठी एचआरशी वाद कोण घालणार? म्हणून नियम कंपन्यांनीच करावा : नोटीस आली की दोन दिवसांत कर्मचाऱ्याला कळवायची आणि त्याला विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. त्यासाठी एक ईमेल पुरेसा आहे.