खांद्यावर घेतल्याशिवाय

गेल्या वर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत मी घरी, नेरडीगोंड्याला गेले, तेव्हा सोबत एका मैत्रिणीचा कॅमेरा होता आणि डोक्यात एक प्लॅन. शेजारच्या आजोबांची मराठी रेकॉर्ड करायची.

नेरडीगोंडा म्हणजे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावरचं गाव. कडेम नदीवरचा कुंतला धबधबा पाहायला येणारे इथूनच आत वळतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची भाषेनुसार वाटणी झाली. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात आणि २०१४ नंतर तेलंगणात. पण भाषा काही नकाशा बघून घर बदलत नाही. आजोबांच्या घरात मराठी राहिली. ते शेताला ‘चेनू’ हा तेलुगू शब्द वापरतात आणि त्याला आपला मराठी प्रत्यय लावतात: ‘चेनूत जाऊन येतो.’ त्यांची नातवंडं शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतात. आजोबांचं मराठी त्यांना कळतं, बोलता येत नाही.

अडचण अशी की आजोबा बसून बोलत नाहीत. खुर्चीवर बसवून समोर ट्रायपॉड लावला तर कोर्टात साक्षीला आल्यासारखी उत्तरं देतात, ‘हो’, ‘नाही’, ‘असंन’. चालायला लागले की मात्र तोंड उघडतं. हा बांध कुणाचा, ही विहीर कुणी खणली, या चिंचेखाली काय झालं होतं, सगळं चालता चालता. म्हणून मी कॅमेरा हातात घेऊन त्यांच्या मागे कापसाच्या शेतातून तासभर फिरले.

संध्याकाळी त्यांनाच दाखवलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “पोरी, मले दाखवतं का भूकंप दाखवतं?”

घरातले सगळे हसले. मीही हसले. पण रात्री लॅपटॉपवर पुन्हा पाहिलं तेव्हा हसू आलं नाही. आवाज ठीक होता. चित्र बघवत नव्हतं. चिंचेची गोष्ट सांगताना त्यांनी हाताने जी खूण केली, ती फ्रेमच्या बाहेर उडून गेली होती.

आपल्याकडे हलत्या कॅमेऱ्याला ‘रॉ’, ‘रिअल’ म्हणायची फॅशन आहे. माझं मत साधं आहे. समोरच्या माणसाचा क्षण पुन्हा येणार नसेल, तर हलणारी फ्रेम ही स्टाइल नाही, निष्काळजीपणा आहे. आणि ‘आमच्याकडे इक्विपमेंट नव्हतं’ ही सबबही फार लांब जात नाही. ती किती लांब जाते हे मी साडेतीनशे रुपयांत मोजून पाहिलं.

मी पीव्हीसी पाईपचा शोल्डर माउंट बनवला. पाऊण इंची पाईपचे दोन तुकडे समांतर, मधे चार बोटांचं अंतर. एकच पाईप घेतला तर तो खांद्यावर लोळतो. खाली जुन्या दप्तराचा पट्टा आणि फोम. पुढे एल्बो लावून कॅमेरा चेहऱ्यासमोर आणला आणि टी लावून दोन मुठी खाली सोडल्या. कॅमेरा डोळ्यांपासून जवळपास ३० सेंटीमीटर लांब ठेवावा लागला, कारण पाव मीटरच्या आतला स्क्रीन डोळ्यांना नीट दिसत नाही. पण तेवढा पुढे गेला की सगळं नाक खाली करतं आणि भार मनगटांवर येतो.

इथे शाळेतली तरफ कामाला आली. कॅमेरा ९०० ग्रॅम, खांद्यापासून ३० सेंटीमीटर पुढे. अर्ध्या लिटरची बाटली वाळूने भरली, ती झाली साधारण ८०० ग्रॅम. दोन्हीकडचा गुणाकार जुळवला तर बाटली ३४ सेंटीमीटर मागे यायला हवी. बांधली, आणि दोन्ही हात सोडले तरी माउंट खांद्यावर आडवा राहिला! वजन दोन टोकांना असल्याचा आणखी एक फायदा: असा दांडा चटकन डुलत नाही. दोरीवर चालणारी मुलगी हातात लांब काठी धरते, ती याचसाठी.

हे पहिल्याच फटक्यात जमलं असं समजू नका. पहिला माउंट मी उत्साहात सोल्युशन लावून चिकटवला आणि एक मूठ तिरकी बसली. पीव्हीसीचं सोल्युशन काही क्षणांत धरतं, नंतर हलवता येत नाही. तो फेकला. दुसऱ्या वेळी सगळं कोरडं जोडून, घालून, अंगणात चालून मगच चिकटवलं. बोल्टचीही तीच गत. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची आटे असतात, एका इंचात वीस. मी आणला सहा एमएमचा. दिसायला तसाच, पण ६ आणि ६.३५ मध्ये फरक आहे आणि आटेही वेगळे. तो आत शिरतो, मग डुगडुगतो, आणि जोर केला तर मैत्रिणीच्या कॅमेऱ्याचे आटे गेले म्हणून समजा. हार्डवेअरवाल्या काकांनी कॅमेरा बघून विचारलं, “दोन सुती पाहिजे का?” दोन सूत म्हणजे पाव इंच. पंधरा वर्षं मराठी शिकून हा शब्द मला त्या दुकानात मिळाला.

कुणी म्हणेल, फोनमध्ये स्टेबिलायझेशन असतं की. असतं. पण ते बहुतेक वेळा चित्राच्या कडा कापून काम करतं, आणि संध्याकाळच्या कमी उजेडात धक्क्याने आलेला धूसरपणा त्याला पुसता येत नाही. फोनच असेल तर फोन घ्या, पण त्यालाही दोन कोपर बरगड्यांना टेकवून धरा. स्थिरता शेवटी शरीरातून येते. खांदा, दोन हात, किंचित वाकलेले गुडघे.

आता दुसरी बाजू. अशा वस्तूला लोक लगेच ‘जुगाड’ म्हणून टाळ्या देतात, आणि मला तो शब्द खटकतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यातून १९२० चा ‘सैरंध्री’ उभा राहिला. हे काम सुरू करणारे त्यांचे भाऊ आनंदराव १९१६ मध्येच वारले होते. तो जुगाड नव्हता, वर्षानुवर्षांची मेहनत होती. मालेगावचे नासिर शेख आणि मंडळी सायकलवरून ट्रॉलीचं आणि बैलगाडीवरून क्रेनचं काम घ्यायची. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते दिसतं. आपण ते बघून हसतो, ‘काय भारी डोकं!’ म्हणतो आणि विसरतो. पण बैलगाडीवर माणूस आणि कॅमेरा चढवायचा तर तोल सांभाळावा लागतो, नाहीतर दोघेही खाली. स्वस्त असणं हा गुण नाही. मोजून केलेलं असणं हा गुण आहे.

आपल्या मंडळाबद्दल हेच म्हणायचं आहे. ‘बोलीभाषांचं दस्तऐवजीकरण’ हा विषय आपल्या बैठकीत दरवर्षी येतो. दरवर्षी कुणीतरी बजेट विचारतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. बजेट मिळालं तर उत्तमच, मी नको म्हणणार नाही. पण ज्यांचं बोलणं टिपायचं आहे ती माणसं आपल्या शैक्षणिक वर्षाप्रमाणे थांबत नाहीत.

मे महिन्यात मी माउंट घेऊन पुन्हा आजोबांकडे गेले. मधल्या काळात त्यांचा गुडघा गेला होता. शेतापर्यंत चालणं बंद. आम्ही अंगणातून रस्त्याकडेच्या कडुनिंबापर्यंत गेलो आणि परत आलो. एकूण सात मिनिटं. चित्र स्थिर आहे, हात पूर्ण दिसतात. कडुनिंबाची गोष्ट चांगली आहे. पण चिंचेची गोष्ट त्या भूकंपातच राहिली. मी पुन्हा विचारली तर म्हणाले, “सांगतली ना तुले.”

त्यामुळे माझं सांगणं एवढंच. तुमच्या गावी, वाडीत, चाळीत असं कुणी चालता चालता बोलणारं असेल, तर आधी घरात चालून सराव करा, मग त्यांच्याकडे जा. माउंट सध्या माझ्या होस्टेलच्या खोलीत दारामागे उभा आहे. ज्याला हवा त्याने न्यावा, बाटलीत वाळू आपली भरावी. तो दोन सुती बोल्ट तेवढा हरवू नका.