अवघड आहे, पण अन्याय नाही



‘एल्डन रिंग’ हा गेम खेळाडूला विनाकारण छळतो, हे गेल्या अंकातील पत्रातले मत मला पटले नाही.

सुरुवातीलाच लिमग्रेव्ह या प्रदेशातल्या माळावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो. मी सरळ त्याच्यावर चालून गेलो आणि क्षणात गारद झालो. चौथ्यांदा मेल्यावर लक्षात आले, की त्याला वळसा घालून पुढे जाता येते. आज झेपत नसेल तर दुसरी वाट धरा, ताकद कमवा, मग परत या, असेच हा गेम सांगतो. मेलात तर जमवलेले रून्स (गेममधले चलन) तिथेच राहतात, परत जाऊन उचलता येतात. वाटेत पुन्हा मेलात तर मात्र गेलेच. नियम कडक आहे, पण लपवाछपवी नाही.

हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली २०२२ साली आलेला हा गेम कामांची यादी हातात देत नाही. विश्रांतीच्या जागांवरून निघणारी सोनेरी प्रकाशरेषा फक्त दिशा दाखवते.

दोन आठवड्यांनी त्याच स्वाराला हरवले, तेव्हा माझे हात थरथरत होते. पत्रलेखकांनी इतक्यात हार मानू नये, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, नाशिक