कॉपी मारा, दोस्तांनो

व्हिडिओ कॅसेटची कॉपी मारणारा तो चोर, असं आपल्याला शिकवलं गेलं. कुणी शिकवलं? ज्यांच्या कपाटात मूळ कॅसेट होती त्यांनी. मूळ प्रत मालकाकडे, आणि आपण ती बघायची त्याच्या मर्जीने. हा न्याय आपल्याला नवा नाही. पोथी कुणाच्या घरात असायची आणि ती ऐकायची बंदी कुणाच्या कानाला होती, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

१९७५ साली सोनीने बीटामॅक्स आणला, १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस. टीव्हीवरचं घरी टेप करता यायला लागलं आणि हॉलिवूडच्या शेठ लोकांची झोप उडाली. युनिव्हर्सल आणि डिस्ने कोर्टात गेले. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणं हा गुन्हा नव्हे. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरोघरचा माणूस गुन्हेगार ठरला असता. त्याच १९८४ साली आपल्या पार्लमेंटने १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. चोरट्या व्हिडिओच्या धंद्यावर डोळा ठेवून शिक्षा वाढवली. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं.

दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मलाही कळतं. घरी टेप करणं वेगळं आणि शंभर कॅसेटी छापून बाजारात विकणं वेगळं. ज्याने घाम गाळून पिक्चर काढला त्याची भाकर कुणी पळवू नये. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या भांडणात कॅसेट म्हणजे माल. कॅसेट साक्षीदारही असते, आणि साक्षीदार एकटा असला की त्याला गायब करणं सोपं जातं.

गोदीत माल उतरताना मोजदादीचा कागद एकाच बाजूकडे ठेवत नाहीत. जहाजाचा वेगळा, शेडचा वेगळा. कागद एकाकडेच असेल तर माल कमी भरल्याचा आळ कुणावर येणार? पाठीवर गोण वाहणाऱ्यावर. म्हणून दुसरा कागद लागतो. दुसऱ्या कागदाला गोदीत कुणी चोरी म्हणत नाही.

आता अमेरिकेतलाच दुसरा दाखला घ्या. ३ मार्च १९९१, लॉस एंजेलिस. मध्यरात्र उलटून गेलेली. पोलीस रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून दांडक्यांनी झोडत होते. जवळच्या बिल्डिंगच्या बाल्कनीतून जॉर्ज हॉलिडे नावाच्या प्लंबरने ते आपल्या कॅमेऱ्यात घेतलं. त्याने आधी पोलिसांकडेच चौकशी केली. दाद लागली नाही. मग कॅसेट केटीएलए या टीव्ही स्टेशनला दिली. तिथून कॉपी निघाली, सीएनएनकडे गेली आणि जगाने ती बघितली. मूळ टेप पुढे एफबीआयने ताब्यात घेतली. घेईनात का! तोवर कॉपी सुटली होती.

न्याय मिळाला का? २९ एप्रिल १९९२ला ज्युरीने त्या पोलिसांना दोषी धरलं नाही. बचावाच्या वकिलांनी तीच कॅसेट एकेक चित्र थांबवत, सावकाश फिरवून दाखवली, म्हंजे मार मारासारखा दिसू नये. शहर पेटलं. पन्नासहून जास्त माणसं मेली. १९९३ साली दुसऱ्या खटल्यात चौघांपैकी दोघे दोषी ठरले. तेव्हा कॅसेटने न्याय मिळतो अशा भाबडेपणात कुणी राहू नये. पण कॅसेटच नसती तर? पोलिसांनी लिहिलेला कागद तेवढा खरा ठरला असता. विषय संपला असता.

कॉपी मारतात कशी, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. दोन व्हीसीआर घ्यायचे. एकाच्या आऊटमधून वायर काढून दुसऱ्याच्या इनमध्ये. पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड. तीन तासांची कॅसेट असेल तर तीन तास बसायचं, मधेच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक कॉपीत काहीतरी जातंच. व्हीएचएसमध्ये रंग मुळातच थोड्या जागेत दाबून भरलेला असतो. नव्या टेपची खरखर त्यात मिसळते आणि मग वेगळी काढता येत नाही. पहिल्या कॉपीत रंग कडेला पसरतो. दुसरीत कडा बोथट होतात. चौथीत माणसाच्या तोंडावर मुंग्या. १९८५पासून काही मालकांनी तर कॅसेटमध्येच खोडा घातला. मॅक्रोव्हिजन. पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांत खोटे झटके भरायचे. रेकॉर्ड करणारं मशीन फसतं आणि चित्र उजळतं, काळवंडतं, उजळतं.

म्हणून कॉपी कितवी आहे ते मोजायला शिका. पहिली कॅसेट ज्याच्या हातात, चेहरे त्याच्या हातात. आपल्या वाट्याला कायम चौथी कॉपी येत आली आहे. आणि आपण ती घासेपर्यंत बघितली.

पण सगळ्याच मूळ कॅसेटी मालकांकडे नाहीत. वर्गणी काढून बोलावलेल्या व्हिडिओवाल्याने घेतलेल्या जयंतीच्या, मेळाव्यांच्या, जलशांच्या कॅसेटी आपल्याच वस्त्यांत पडून आहेत. माळ्यावर, पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत. आपली पहिली कॉपी ती. शाहीर विलास घोगरे १९८५च्या ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये गायले. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि १५ जुलैला घोगरेही गेले. त्यांचं गाणं आनंद पटवर्धनांनी फिल्मवर टिपून ठेवलं होतं, म्हणून २०११च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये तो आवाज पुन्हा ऐकता आला. ज्या शाहिरांवर कुणी फिल्म केली नाही त्यांचा आवाज आपल्या पेट्यांत आहे. मुंबईची हवा दमट. टेपला पांढरी बुरशी चढते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६मध्ये ते बनवणं बंद केलं. आहेत ती मशीनं मोडली की कॅसेट नुसतं प्लास्टिक.

तेव्हा भाषणं पुरे. रविवारी वस्तीत फिरा. कॅसेट मिळाली की आधी तिच्या कडेची छोटी चीप मोडा, म्हंजे चुकून वरून दुसरं काही टेप होणार नाही. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, एकीची घाण हेडला लागून दुसरीला लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. लेबल नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, साल कोणतं, जागा कोणती, बोलतंय कोण. मग दुसऱ्या व्हीसीआरच्या जागी कॉम्प्युटर जोडा. एकदा तिथे नीट उतरलं की त्यापुढच्या कॉपीला मुंग्या येत नाहीत. पण कॉम्प्युटरही मरतो, तेव्हा तीन ठिकाणी ठेवा, तीन वेगळ्या घरांत.

मूळ कॅसेट ज्या घरची त्या घरी परत द्या. विकायला काढू नका, कुठल्या पुढाऱ्याच्या कपाटात जाऊ देऊ नका. कॉपी मागेल त्याला द्या. मागणार नाही त्यालाही द्या.