रांग पालकांची, प्रतीक्षा बालकांची

दत्तक मूल हवे म्हणून नाव नोंदविणाऱ्या दांपत्यांची तक्रार एकच असते : तीन-तीन, साडेतीन वर्षे क्रमांक लागत नाही. वृत्तपत्रेही तीच री ओढतात आणि सारा दोष सरकारी दिरंगाईच्या माथी मारून मोकळी होतात. दिरंगाई नाही असे नाही. परंतु दत्तकाचे आदेश सप्टेंबर २०२२पासून न्यायालयांऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आणि २०२४-२५मध्ये ४,५१५ बालकांना घर मिळाले. हा बारा वर्षांतील उच्चांक. तरीही रांग हटत नाही, कारण ती तान्ह्या, निरोगी बाळासाठी लागली आहे. त्याच संस्थांतील आठ वर्षांची मुलगी, एकमेकांचा हात न सोडणारी तीन भावंडे, ऐकू न येणारा मुलगा यांच्यासाठी कोणीही रांगेत उभे नाही.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजेच ‘कारा’ने, ऑगस्ट २०१५पासून देशभरची नोंदणी एकाच यादीत आणली. हे उत्तमच झाले. ओळखीपाळखीने मुले देण्याच्या आरोपांना त्यामुळे आळा बसला. गृहभेटीचा अहवाल झाला की ज्येष्ठतेनुसार मुलाचे छायाचित्र, त्याचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पालकांपुढे येतो. निर्णयासाठी ४८ तास, आणि अशी संधी तीनदा. वयोगट, लिंग, राज्य यांची पसंती आधीच कळविलेली असते. रंगाचा रकाना तेवढा नाही. पण छायाचित्र असते!

ज्येष्ठतेचा हा न्याय तान्ह्या बाळापुरता ठीक आहे. ज्याला आठवणी आहेत, भीती आहे, स्वतःचे मत आहे, अशा मुलाला ४८ तासांत कसे ओळखावे? त्याची इच्छा विचारली जाते, पण जोडी ठरून गेल्यावर. येथे मुलासाठी कुटुंब शोधले पाहिजे. आपण कुटुंबासाठी मूल शोधतो आहोत.

यावर प्रतिपालनाचा, म्हणजे मूल आधी सांभाळण्यास घरी आणण्याचा, मार्ग आहे. २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याची दारे अविवाहित, विधवा, घटस्फोटित यांनाही उघडली. प्रतिपालक कुटुंबाने मूल दत्तक घेण्यापूर्वीची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आली. मूल आणि घर एकमेकांना पारखून घेतील, रुसतील, रुळतील, एवढा अवधी त्यात आहे. पण ‘कुटुंबव्यवस्था हा आमचा प्राण’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्या मध्यमवर्गात ही योजना किती घरांना ठाऊक आहे?

परदेशी दत्तक जाणाऱ्या भारतीय मुलांत विशेष गरजा असलेल्यांचे प्रमाण मोठे असते. आपल्या घरांनी ज्याचा अहवाल वाचून पान मिटले, तो मुलगा सातासमुद्रापार कुणाचा तरी लेक होतो. परकीयांच्या हेतूंविषयी शंका घेण्याआधी हे दुखणे आपल्याला बोचायला हवे. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला आपले नाव दिले, ते त्या काळी समाजाने टाकलेले मूल होते. ‘वंशाचा दिवा’ शोधत फिरणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचेच वाटावे. प्रतिपालनाची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करता येते. तेथे जाताना मुलाच्या वयाची अट मात्र घरी ठेवून जावी.