पहिल्या दहांत बसण्याची घाई

वाढवण बंदर झाले की भारत जगातील पहिल्या दहा कंटेनर बंदरांत बसणार, हे वाक्य आता माझे विद्यार्थीही निबंधात अभिमानाने लिहितात. हा क्रमांक कसा लागतो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

वीस फुटी पेटी हे त्याचे माप. २०२४ मध्ये शांघायने अशा पाच कोटींहून अधिक पेट्या हाताळल्या, सिंगापूरने चार कोटींहून अधिक. पण सिंगापूरच्या बहुतेक पेट्या त्या देशाच्या नसतातच. एका जहाजावरून उतरतात, दुसऱ्यावर चढतात आणि दोन्ही वेळा मोजल्या जातात. म्हणजे हा हिशेब क्रेनच्या कामाचा. गावाचे काय झाले, ते त्यात येत नाही.

ते पाहायचे तर उरणला जा. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा आजही नीट पुनर्वसन मागतो आहे. दिलेल्या घरांना वाळवी लागली! आणि आता ७६,२०० कोटींचे वाढवण, तेही १,४४८ हेक्टर समुद्र बुजवून.

‘बंदर’ हा मूळ फारसी शब्द मराठीत कोळ्यांच्या तोंडी रुळला. त्याच कोळ्यांना आज विकासाचे शत्रू ठरवले जाते. आपले दालदी बांधवही समुद्रावरच जगतात. निदान आपण तरी यात हो ला हो मिळवू नये. भराव पडण्याआधी कुणाची होडी, कुणाची खाडी, किती भरपाई, कोणत्या तारखेला, हे सरकारने नावानिशी लेखी द्यावे. शेवाच्या लोकांचे आधी.